ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलातील पाणी : ओळख, निर्मूलन आणि प्रतिबंध

पीक संरक्षणाच्या शिफारशीत आपण कीडनाशकाचे नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि फवारणीची वेळ काळजीपूर्वक नमूद करतो. ही फवारणी ज्या यंत्राच्या आधारे व्हायची असते, त्याच्या प्रकृतीविषयी मात्र सहसा एक ओळही लिहीत नाही. कीटकशास्त्राची अभ्यासक म्हणून माझ्याकडूनही अनेक वर्षे हेच घडले. ट्रॅक्टरचे तेल हा आपला विषय नव्हे, असे मी मानत होते. हा समज एका खरीप हंगामात दूर झाला, म्हणूनच हा लेख.

बंगळुरूच्या बनशंकरी भागातून कनकपुरा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की काही वेळाने नाचणी, मका आणि तुतीची शेते लागतात. त्या पट्ट्यातील एका मक्याच्या शेतात लष्करी अळीवरील फवारणीचे प्रात्यक्षिक आम्ही घेत होतो. अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातच झाली. या किडीची अंडी २ ते ३ दिवसांत उबतात आणि अळ्या मोठ्या होऊन पोंग्यात शिरल्या की फवारा त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे फवारणीला मिळणारा काळ मोजक्या दिवसांचा असतो. त्या दिवशी ट्रॅक्टरमागील फवारणी यंत्राचा बूम एका उंचीवर टिकेना. लिफ्ट हिसके देत उचलली जाई आणि थोड्याच वेळात खाली बसे. ११० अंशांचे नोझल ५० सेंमी अंतरावर बसवलेले असतील, तर बूम पिकाच्या शेंड्यापासून सुमारे ५० सेंमी उंच राहावा लागतो. तो खाली आला की दोन नोझलच्या मध्ये कोरडे पट्टे राहतात. चालकाने डिपस्टिक काढून दाखवली. तेल दुधाच्या चहासारखे झाले होते.

गॅरेजमध्ये तेल बदलण्यात आले. आठवडाभरात ते पुन्हा तसेच झाले. तोवर अळ्या पोंग्यात शिरल्या होत्या आणि त्या शेतातील निरीक्षणे रद्द करावी लागली. तेल बदलले होते, पण पाणी कोठून आले हे कोणीच शोधले नव्हते. नंतर पाहिले तेव्हा गिअरच्या दांड्याखालील रबरी बूट फाटलेला आढळला आणि ट्रॅक्टर रोज प्रेशर पंपाने धुतला जात होता. या अनुभवातून घ्यायचा धडा पुढील मांडणीचा गाभा आहे. तेलातून पाणी काढण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. पाणी कोणत्या अवस्थेत आहे? तेल कोणत्या प्रकारचे आहे? आणि पाणी कोणत्या वाटेने आले?

पाण्याच्या तीन अवस्था

हवेत बाष्प असते तसेच तेलातही थोडे पाणी विरघळलेले असते. ही पहिली अवस्था. या अवस्थेत तेल स्वच्छ व पारदर्शक दिसते. खनिज हायड्रॉलिक तेलात सर्वसाधारण तापमानाला काही शे पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत काही शे भाग, एवढेच पाणी विरघळू शकते. तेल तापले की ही क्षमता वाढते आणि थंड झाले की घटते. त्यामुळे दिवसा स्वच्छ दिसणारे तेल पहाटे गढूळ दिसू शकते.

विरघळण्याची मर्यादा ओलांडली की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तेलात तरंगू लागतात आणि तेल दुधाळ होते. ही दुसरी अवस्था. कृषी विस्तारकांना ती नवी नाही. ई.सी. प्रकारचे कीडनाशक पाण्यात ओतताच द्रावण पांढरे होते, तो याच प्रकारचा पदार्थ असतो. फरक एवढाच, की फवारणीच्या टाकीत पाण्यामध्ये तेलाचे थेंब असतात आणि ट्रॅक्टरमध्ये तेलामध्ये पाण्याचे. कीडनाशकात हे मिश्रण टिकावे म्हणून मुद्दाम इमल्सीकारक घातलेले असते. हायड्रॉलिक यंत्रणेत तेच मिश्रण घातक ठरते. ट्रॅक्टर धुताना वापरलेली साबणाची पावडर किंवा फवारणीतील स्टिकर तेलात गेले, तर ही दुधाळ अवस्था अधिक घट्ट होते. त्या दृष्टीने साबणाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट.

तिसरी अवस्था मोकळ्या पाण्याची. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी साचते. तळाचा ड्रेन प्लग किंचित सैल करताच आधी पाणी येते व मग तेल. काढण्यास सर्वांत सोपी अवस्था हीच.

मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक, गिअर आणि मागील आस यांसाठी मिळून ५० लिटर तेल आहे असे धरू. खनिज हायड्रॉलिक तेलासाठी ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम, ही पाण्याची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. ५० लिटरमध्ये ते होते केवळ ५० मिलिलिटर, म्हणजे एका कटिंग चहाएवढे. इतके थोडे पाणी हानी आरंभण्यास पुरते.

हानी कशी होते

पंपाच्या दात्यांमध्ये आणि बेअरिंगमध्ये धातूला धातू घासू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. पाण्याला तशी वंगणशक्ती नसते. दाबाखाली जेथे थेंब येतो तेथे थर तुटतो व झीज होते. पंपाच्या ओढीच्या बाजूस दाब कमी असतो. तेथे तापलेल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच ते फुटून धातूला बारीक खड्डे पाडतात. पंपातून वाळू फिरल्यासारखा आवाज येतो तो बहुधा यामुळे.

पाणी तेलातील झीजरोधक व गंजरोधक रसायनांशी अभिक्रिया करून त्यांची शक्ती घटवते. व्हॉल्व्हच्या पृष्ठभागावर गंज चढतो. हे व्हॉल्व्ह अतिशय बारीक अंतराने बसवलेले असल्यामुळे थोडासा गंजही लिफ्ट अडकण्यास किंवा हळूहळू खाली बसण्यास कारण होतो. कागदी फिल्टर पाण्याने फुगतो व तुंबतो. ज्या ट्रॅक्टरमध्ये तेलात बुडालेले ब्रेक आहेत, त्यांत हेच तेल ब्रेकच्या तबकड्यांवरही फिरते. तेथे पाणी गेल्यास ब्रेकचा आवाज व पकड दोन्ही बिघडू शकतात. हा केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही, तर ट्रॉली ओढणाऱ्या चालकाच्या जिवाचा होतो. याशिवाय तेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांची वाढ होऊन बुळबुळीत साका तयार होतो.

पाणी नेमके कोठून येते

रात्री थंडीने टाकीत दव धरते आणि त्यामुळे तेल दुधाळ होते, असे स्पष्टीकरण गॅरेजमध्ये हमखास मिळते. ते साध्या हिशेबाने तपासून पाहू. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. तेलावरील मोकळी जागा २० लिटर धरली, तर तीत ०.६ ग्रॅम पाणी झाले. ते सारेच्या सारे दररात्री तेलात उतरले, तरी १०० रात्रींत ६० ग्रॅम भरते. प्रत्यक्षात दिवसा तेल तापल्यावर त्यातील बराच भाग वाफ होऊन बाहेर जातो. म्हणजे दवामुळे एका हंगामात तेल मर्यादेच्या जवळ जाऊ शकते, पण दोन दिवसांत त्याचा चहा होऊ शकत नाही. तेल अचानक दुधाळ झाले, तर कोठेतरी पाण्याला थेट वाट मिळाली आहे, असेच समजावे.

अशा वाटा ठरलेल्या आहेत. गिअर व लिफ्टच्या दांड्यांखालील फाटलेले रबरी बूट, सैल डिपस्टिक, तेल भरण्याच्या झाकणाचे कडक झालेले रबर, मागील आसाचे झिजलेले ऑइल सील आणि ब्रीदर या जागा प्रथम पाहाव्यात. कोकण, मावळ, आजरा, चंदगड, खानापूर या भातपट्ट्यांत चिखलणीच्या वेळी आस व सील तासन्‌तास चिखलपाण्यात राहतात. काम करून तापलेला ट्रॅक्टर पाण्यात उभा केला, की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या बारीक फटीतून पाणी आत ओढले जाते. तापलेल्या यंत्रावर लगेच थंड पाण्याचा फवारा मारल्यासही हेच घडते.

ब्रीदरचे महत्त्व कीटकांच्या उदाहरणाने सांगता येईल. कीटकाच्या शरीराच्या बाजूंना श्वासरंध्रे असतात. अनेक कीटक ती गरजेप्रमाणे उघडतात व मिटतात आणि त्यामुळे श्वास चालू राहूनही ओलाव्यावर नियंत्रण राहते. तेलाची टाकीही श्वास घेते. सिलिंडर बाहेर गेला की टाकीतील पातळी उतरते व हवा आत येते, सिलिंडर परतला की हवा बाहेर जाते. तिच्या श्वासरंध्राला मात्र स्वतःहून मिटता येत नाही. ते स्वच्छ व झाकलेले ठेवणे हे आपले काम आहे. ब्रीदर चिखलाने बुजला, तर हवा सीलमधून वाट काढते आणि तिच्याबरोबर पाणीही येते.

आणखी एक वाट दुर्लक्षित राहते, ती म्हणजे नव्या तेलाच्या बॅरलची. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. रात्री आतील हवा आकुंचन पावली की बुचाच्या आट्यांतून ते आत झिरपते. बॅरल छपराखाली ठेवावे. ते शक्य नसल्यास आडवे ठेवून दोन्ही बुचे घड्याळातील ३ व ९ च्या जागी, तेलाच्या पातळीखाली राहतील असे पाहावे.

शेतावर करता येणाऱ्या चाचण्या

पहिली चाचणी बाटलीची. टाकी-मिश्रणातील कीडनाशके परस्परांना मानवतात का हे पाहण्यासाठी आपण काचेच्या बरणीत चाचणी करतो, तशीच ही आहे. यंत्र १० ते १५ मिनिटे चालवून तेल ढवळले गेल्यावर स्वच्छ, कोरड्या, पारदर्शक बाटलीत नमुना घ्यावा आणि ती हलवू नये. तेल गढूळ असण्याचे कारण हवाही असू शकते. हवेचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे अशा तेलाचा तळ आधी स्वच्छ होतो आणि साधारण तासाभरात सारे तेल निवळते. पाण्याचे थेंब खाली जातात, त्यामुळे पाणी असलेले तेल वरून खाली, तेही फार सावकाश निवळते. कित्येकदा ते निवळतच नाही. बाटली २४ तास ठेवून तळाचा थर मोजावा. तळाशी स्पष्ट थर आला तर मोकळे पाणी, सारे तेल दुधाळच राहिले तर घट्ट मिश्रण.

दुसरी चाचणी तडतडीची. बनशंकरीच्या देवळात राहुकाळी लिंबाच्या सालीत तेल-तुपाचे दिवे लावण्याची रीत आहे. सालीचा ओलावा वातीपर्यंत पोचला की दिवा तडतडतो. तेलात दडलेले पाणी उष्णतेने एकदम वाफ होऊन फुटते, त्याचा तो आवाज. हायड्रॉलिक तेलाची तपासणी याच तत्त्वावर होते. विजेच्या शेगडीवर धातूची स्वच्छ पळी सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून तीत तेलाचा एक थेंब टाकावा. बुडबुडे येऊन तडतड झाली, तर पाणी सुमारे ५०० ते १००० पीपीएमपेक्षा अधिक आहे असे समजावे. आवाज न आल्यास तेल पूर्ण कोरडे आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण विरघळलेले थोडे पाणी या चाचणीत कळत नाही. ही चाचणी मोकळ्या हवेत, डोळ्यांवर चष्मा लावून आणि एकाच थेंबावर करावी. उघडी ज्वाला वापरू नये. तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर ही चाचणी मुळीच करू नये.

मोठ्या यंत्रांसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवून कार्ल फिशर पद्धतीने पाण्याचे अचूक प्रमाण काढता येते.

पाणी काढण्याच्या पद्धती

निवळणे : ही सर्वांत स्वस्त पद्धत, पण ती कोठे चालते हे थेंबाचा आकार ठरवतो. ४६ ग्रेडच्या हायड्रॉलिक तेलात, ४० अंश तापमानाला, १०० मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब तासाला सुमारे ६ सेंमी खाली उतरतो. ६० सेंमी खोलीच्या टाकीत त्याला तळ गाठण्यास १० तास लागतात. थेंब १० मायक्रॉनचा असेल, तर वेग शंभरपट घटतो आणि तेवढ्याच खोलीला सुमारे ४० दिवस लागतात. फवारणीत थेंबाचा आकार बदलला की त्याचे सारे वर्तन बदलते, हे आपण जाणतोच. पंपातून फिरताना मोठे थेंब फुटून बारीक होतात. म्हणून दुधाळ तेलावर यंत्र चालवत राहणे म्हणजे सहज निघू शकणारे पाणी न निघणारे करणे होय. शंका येताच यंत्र थांबवावे, रात्रभर उभे ठेवावे आणि सकाळी सुरू करण्यापूर्वी, तेल थंड असताना, तळाच्या प्लगमधून पाणी काढावे.

येथे तेलाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. जेसीबी, ऊसतोडणी यंत्र, कारखान्यातील पॉवर पॅक यांत बहुधा ४६ किंवा ६८ ग्रेडचे शुद्ध हायड्रॉलिक तेल असते आणि ते पाणी लवकर सोडेल असे बनवलेले असते. ट्रॅक्टरचे तेल मात्र गिअर, ब्रेक व हायड्रॉलिक या तिन्हींसाठी एकच असते. शिरलेले थोडे पाणी एका जागी साचून गंज चढू नये म्हणून ते पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपात धरून ठेवण्याचा गुण अशा तेलांत असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचे दुधाळ तेल कितीही दिवस ठेवले, तरी ते पूर्ण निवळेल अशी अपेक्षा धरू नये.

पाणी शोषणारे फिल्टर : कोरडवाहू शेतीत वापरले जाणारे हायड्रोजेल अनेकांच्या परिचयाचे आहे. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरणारे तशाच प्रकारचे पॉलिमर या फिल्टरमध्ये असते. तेल त्यातून जाते व पाणी अडकते. थोडे मोकळे पाणी काढण्यास हे उपयुक्त आहेत, परंतु त्यांची धारणशक्ती मर्यादित असते. लिटरभर पाणी शिरलेल्या यंत्रावर एकामागून एक फिल्टर संपवणे परवडत नाही.

सेंट्रिफ्यूज : दूधसंघात दुधापासून साय वेगळी करतात त्याच तत्त्वावर हे यंत्र जड पाणी वेगाने फिरवून बाजूला काढते. मोकळे पाणी व मिश्रणाचा काही भाग यातून निघतो, विरघळलेले पाणी निघत नाही.

निर्वात निर्जलीकरण : उघड्या हवेत पाणी १०० अंशांना उकळते. दाब एक पंचमांशावर आणला, तर ते सुमारे ६० अंशांनाच उकळते. या यंत्रात तेल साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवून निर्वात कक्षात पातळ थरांत सोडले जाते आणि पाणी वाफेच्या रूपाने ओढून घेतले जाते. तिन्ही अवस्थांतील पाणी काढणारी ही पद्धत आहे. एवढ्या तापमानाला तेल जळत नाही. काही शे लिटर तेल असणारी ऊसतोडणी यंत्रे, साखर कारखाने आणि मोठ्या अवजार बँका यांना हे यंत्र भाड्याने आणणे फायद्याचे ठरते. एका ट्रॅक्टरसाठी ते आणणे व्यवहार्य नाही.

उघड्या कढईत तेल तापवून पाणी उडवण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. तळाचे पाणी एकदम वाफ होऊन उकळते तेल अंगावर उडते व पेट घेऊ शकते. शिवाय तेलाचे गुणही नष्ट होतात.

ट्रॅक्टरसाठी व्यवहार्य मार्ग : दोनदा तेलबदल

तेव्हा ट्रॅक्टरमधील तेल दुधाळ झाले असेल, तर ते बदलणे हाच योग्य उपाय आहे. परंतु एकदा बदलून भागत नाही. याचाही हिशेब पाहू. ५० लिटर तेलात २ टक्के, म्हणजे एक लिटर पाणी आहे. तळाचा प्लग काढला तरी लिफ्टचा सिलिंडर, नळ्या आणि आसाची घरे यांत १० लिटर तेल अडकून राहिले असे धरू. त्यात २०० मिलिलिटर पाणी राहते. नवे ४० लिटर तेल भरल्यावर प्रमाण ०.४ टक्के होते, म्हणजे मर्यादेच्या चौपट. तेल पुन्हा दुधाळ दिसू लागते आणि नव्या तेलाला विनाकारण दोष दिला जातो. दुसऱ्यांदा बदलल्यावर ४० मिलिलिटर, म्हणजे ०.०८ टक्के पाणी उरते आणि ते मर्यादेच्या आत येते.

त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. पाण्याची वाट शोधून प्रथम ती बंद करावी. बूट, सील, झाकण, ब्रीदर तपासून गरजेप्रमाणे बदलावेत.

२. यंत्र रात्रभर उभे ठेवून सकाळी मोकळे पाणी काढावे.

३. त्यानंतर यंत्र भार न देता थोडे चालवून तेल कोमट करावे, लिफ्ट पूर्ण खाली सोडावी आणि सर्व ड्रेन प्लग उघडून तेल काढावे. कोमट तेल पातळ असल्याने अधिक निघते व साकाही सोबत येतो.

४. फिल्टर बदलावा, जाळी धुऊन कोरडी करून बसवावी.

५. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच तेल भरावे. यंत्र अर्धा ते एक तास हलक्या कामावर चालवून लिफ्ट, ट्रॉलीचा जॅक व सुकाणू अनेकदा वर-खाली, डावी-उजवीकडे करावे, म्हणजे नळ्यांतील जुने तेल बाहेर येईल.

६. तेल व फिल्टर पुन्हा बदलावेत. त्यानंतर बाटली व तडतड या दोन्ही चाचण्या कराव्यात आणि ८ दिवसांनी त्या पुन्हा कराव्यात.

धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल घालू नये. आत उरलेले डिझेल नवे तेल पातळ करते व वंगणशक्ती घटवते. ट्रॉलीच्या जॅकमध्ये पाणी असेल, तर तेच तेल परत ट्रॅक्टरमध्ये येते. त्यामुळे शेजाऱ्याची ट्रॉली जोडण्यापूर्वी तिच्या जॅकमधील तेल पाहण्याची सवय ठेवावी.

पुरात बुडालेला ट्रॅक्टर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा व पंचगंगेकाठच्या कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतील अनेक गावे दिवसेंदिवस पाण्याखाली होती. जुलै २०२१ मध्ये कृष्णाकाठ व चिपळूण परिसराने पुन्हा तोच अनुभव घेतला. अशा वेळी पाण्याबरोबर बारीक गाळही तेलात जातो. ट्रॅक्टर चालतो का हे पाहण्यासाठी स्टार्टर मारण्याचा मोह अनावर असतो, पण तो टाळावा. बंद यंत्रात पाणी व गाळ तळाशी असतो. पंप फिरताच तो प्रत्येक व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. आधी बॅटरी सोडवावी, इंजिन, गिअर, आस, डिझेल टाकी या प्रत्येकातील द्रव काढावा आणि जाणकार मेकॅनिकने तपासल्यावरच यंत्र सुरू करावे. विमा असल्यास दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे काढून कंपनीला कळवावे.

काढलेले तेल कीडनाशक नव्हे

अखेरीस माझ्या विषयातील एक आवर्जून सांगण्याची गोष्ट. काढलेले तेल वाळवीसाठी झाडाच्या बुंध्याला फासणे, कुंपणाच्या बांधावर ओतणे किंवा डासांसाठी डबक्यात सोडणे ही प्रथा ठिकठिकाणी दिसते. बागायतीत कीडनियंत्रणासाठी वापरली जाणारी खनिज तेले अतिशुद्ध असतात आणि विरळ करून मोजून फवारली जातात. वापरलेल्या यंत्रतेलात धातूंचे कण व विघटित रसायने असतात. ते साल व कोवळी वाढ जाळते, मातीतील उपयुक्त जीव मारते आणि विहिरीपर्यंत झिरपू शकते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. पाण्याने खराब झालेले तेल चांगल्या जुन्या तेलात मिसळू नये.

विस्तारकांसाठी

मृग नक्षत्रापूर्वी आपण गावोगाव बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके घेतो. त्याच बैठकीत एक रिकामी काचेची बाटली सोबत न्यावी आणि गावातील चार ट्रॅक्टरचे तेल तीत पाहावे. दांड्यांचे बूट तपासावेत, ब्रीदर पुसून घ्यावा, तापलेला ट्रॅक्टर थंड झाल्याखेरीज न धुण्याविषयी आणि धुताना डिपस्टिक, ब्रीदर व सील यांवर थेट झोत न मारण्याविषयी सांगावे. चिखलणीच्या हंगामात दर आठवड्याला आणि हंगाम संपताच एकदा डिपस्टिक पाहण्याची सवय लावावी. या कामाला अर्धा तासही लागत नाही.

हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाबरोबर बाहेर पडतात, लष्करी अळी काही दिवसांत पोंगा गाठते, तुडतुडे ढगाळ हवेत झपाट्याने वाढतात. यांपैकी कोणतीही कीड आपल्या ट्रॅक्टरची दुरुस्ती होईपर्यंत थांबत नाही. शिफारस केलेले औषध योग्य वेळी शेतात पोचावे असे वाटत असेल, तर ते पोचवणाऱ्या यंत्राच्या तेलाकडे पाहणे हादेखील पीक संरक्षणाचाच भाग आहे.